हप्त्याच्या दावणीला बांधलेले तारुण्य

सायंशाखेत नियमित येणारा एखादा तरुण अचानक येईनासा झाला, की कार्यकर्त्याची पावले आपसूक त्याच्या घराकडे वळतात. ही आपली जुनी रीत. आजारपण, परीक्षा, नवी नोकरी असे काही कारण बहुधा निघते आणि चहाच्या कपाबरोबर प्रश्न मिटतो. काही महिन्यांपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यातील यंत्रमागांच्या एका गावात अशाच एका घरी गेलो. तिथला प्रश्न मात्र चहाच्या कपाबरोबर मिटणारा नव्हता.

मुलगा एकोणीस वर्षांचा, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. वडील यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी, आई घरी शिवणकाम करणारी. दारात नवी दुचाकी उभी होती. मुलाच्या पुढ्यात एक देखणा भ्रमणध्वनी पडला होता. पण तो दोन दिवसांपासून बंद होता. बिघडला नव्हता, बंद केला गेला होता. हप्ता थकला की दुरूनच फोनला कुलूप लावण्याची सोय त्यात विक्रीच्या वेळीच घातलेली असते. पडद्यावर एकच वाक्य दिसत होते, ‘थकीत रक्कम भरा.’ परीक्षेचे वेळापत्रक, मित्रांचे क्रमांक, अभ्यासाच्या टिपणांची छायाचित्रे, सारे त्या कुलपाआड होते. चहा घेऊन आलेल्या माउलीच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. त्या कुठे गेल्या, हे विचारण्याची आवश्यकता नव्हती.

वडील खालच्या आवाजात म्हणाले, “वर्गातल्या सगळ्यांकडे आहे म्हणाला. एकुलता एक मुलगा, नाही कसं म्हणायचं? हप्ताच तर आहे, म्हटलं.”

‘हप्ताच तर आहे!’ या तीन शब्दांत आजच्या मध्यमवर्गीय घराची सारी शोकांतिका सामावली आहे, असे मला वाटते. म्हणूनच हा विषय एका घरापुरता न ठेवता वाचकांपुढे मांडावा, असे ठरविले.

हप्ता लहान, फास मोठा

त्या घरातला हिशेब आम्ही तिघांनी वहीच्या एका पानावर मांडला. दुचाकीची किंमत एक लाख रुपये. वीस हजार रोख भरले, ऐंशी हजारांचे कर्ज वडिलांच्या नावे, मुदत तीन वर्षे. विक्रेत्याने सांगितलेला व्याजदर ‘फक्त बारा टक्के’. मुलाच्या हिशेबी बारा टक्के म्हणजे शंभराला बारा. त्यात काय मोठे? पण हे बारा टक्के ‘सरळ’ पद्धतीचे होते. म्हणजे पहिल्या हप्त्यापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज पूर्ण ऐंशी हजारांवरच. पस्तीस हप्ते फेडून झाल्यावर प्रत्यक्षात केवळ अखेरचा हप्ता शिल्लक असतो. व्याज मात्र मूळ रकमेवरच चालू राहते. वर्षाला ९,६०० याप्रमाणे तीन वर्षांचे व्याज २८,८०० रुपये, आणि महिन्याचा हप्ता ३,०२२ रुपये. दरमहा घटत जाणाऱ्या मुद्दलावर व्याज मोजण्याची जी रास्त पद्धत आहे, त्या पद्धतीने हाच दर सुमारे २१ टक्के भरतो. बारा सांगून एकवीस घेतले, आणि कुणी खोटे बोलल्याचेही सिद्ध होत नाही!

फोनची कथा याहून सुरस. ‘शून्य खर्चाचे हप्ते’ अशी पाटी दुकानावर होती. फोनची किंमत २४,०००. आठ महिने, तीन हजारांचा हप्ता. आठ त्रिक चोवीस, मग व्याज कुठे आहे? पण रोखीने घेणाऱ्याला तोच फोन २२,५०० रुपयांना मिळत होता. ही दीड हजारांची सूट हप्त्यावाल्याला नव्हती. शिवाय प्रक्रिया शुल्क ५०० रुपये आणि कुणीही न मागितलेला विमा १,२०० रुपये, हे दोन्ही पहिल्याच दिवशी. म्हणजे २२,५०० च्या वस्तूला २५,७०० रुपये. अवघ्या आठ महिन्यांच्या उधारीचा हा भाव वार्षिक व्याजाच्या भाषेत सुमारे ४० टक्के होतो. विमा वगळून मोजले, तरी २४ टक्क्यांच्या आसपास जातो. ‘शून्य’ या संकल्पनेचा शोध भारताने लावला, याचा आपणांस अभिमान आहे. पण त्या शून्याचा असा व्यापार होईल, हे आपल्या गणितज्ञांच्या स्वप्नातही आले नसेल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. ते व्याज शुल्काच्या रूपाने लपविलेले असते. बाजाराने पाटीवरचे शब्द बदलले आणि दुकान चालू ठेवले.

आता बेरीज पाहा. दुचाकीचे ३,०२२ आणि फोनचे ३,०००, मिळून महिन्याला ६,०२२ रुपये. मुलगा कॉलेज सांभाळून औषधांच्या दुकानात काम करी, त्याचे पाच हजार मिळत. पेट्रोल धरले नाही, तरी पहिल्याच महिन्यापासून हजाराची तूट. एकेका हप्त्याकडे पाहिले तर तो झेपणारा. दोन एकत्र आले की कमाईच्या बाहेर. एक हप्ता चुकला, की वित्तसंस्थेचा दंड वेगळा, आणि खात्यात शिल्लक नाही म्हणून बँकेचे शुल्क वेगळे. ही तूट भरण्यासाठी त्याने फोनवरच्याच एका ॲपवरून पाच हजार घेतले. ते फेडण्यासाठी दुसऱ्या ॲपवरून. मग रात्री घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचविण्याचे काम धरले. सायंशाखा सुटली, मग सकाळचे तासही सुटले. ज्या दुचाकीवरून तो ऐटीत कॉलेजला जाणार होता, त्याच दुचाकीचे हप्ते भरण्यासाठी तो रात्री बारापर्यंत रस्त्यावर होता. वाहन त्याच्यासाठी नव्हते. तो वाहनासाठी होता.

आणि ती वस्तू तरी त्याची होती का? दुचाकीच्या नोंदणीवर वित्तसंस्थेचा बोजा, फोनला तिचे कुलूप. वस्तू आपल्या घरात, मालकी दुसऱ्याच्या हातात आणि किंमत मात्र मालकाहून अधिक! भाड्याने घ्या आणि पुढे आपलीच करा, असे गोड आमंत्रण देणाऱ्या साऱ्या योजनांचे मर्म हेच आहे.

ऋण आणि कर्ज

आपल्या परंपरेत ‘ऋण’ हा शब्द फार वेगळ्या उंचीवर उभा आहे. माणूस जन्मतःच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन येतो, अशी आपली धारणा. हे ऋण वस्तू घेऊन झालेले नाही. जे आधीच भरभरून मिळाले, त्याच्या कृतज्ञतेतून आलेले आहे. ते फेडताना माणूस मोठा होतो. याउलट ऋण काढून तूप पिण्याचा उपदेश करणारा विचार चार्वाकाच्या नावावर नोंदला गेला आणि समाजाने त्याला कधी आदर्श मानले नाही. आज जाहिरातींतून जे शिकविले जात आहे, ते चार्वाकाच्याही पुढचे आहे. त्याच्या तुपाने निदान अंगी बळ तरी आले असते!

तथापि, आपले पूर्वज केवळ उपदेश करून थांबले नाहीत. माणसाला कर्ज काढावे लागणार, हे ते जाणून होते. म्हणूनच त्यांनी धनकोच्या लोभाला कुंपण घातले. ते कुंपण म्हणजे दामदुपट. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात रोख धनाच्या कर्जाबाबत हा दंडक आहे, की मुद्दल आणि व्याज मिळून एका वेळी दुपटीच्या वर जाता कामा नये. व्याज मुद्दलाइतके झाले की थांबले. हा केवळ पोथीतला विचार नव्हता. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत दामदुपटीचा नियम कायद्यासारखा लागू केला. गावच्या बाजारात बसणाऱ्या सावकारालाही हा शब्द ठाऊक होता.

याच स्मृतिकारांनी आणखी एक सूक्ष्म विचार केला होता. पित्याचे कर्ज पुत्राने फेडावे, हा धर्म. परंतु पित्याने मद्य, जुगार वा वायफळ दानापायी केलेले कर्ज पुत्रावर बंधनकारक नाही. निरर्थक चैनीचा भार पुढच्या पिढीने वाहू नये, इतकी ही दृष्टी न्यायाची होती. आज चक्र उलटे फिरले आहे. पुत्राच्या निरर्थक कर्जाचा भार मागची पिढी वाहते आहे. आईच्या पाटल्या मुलाच्या फोनसाठी गहाण पडतात, याला प्रगती म्हणावे काय?

अंगठा तोच, कागद बदलला

आपल्या मराठी मुलखाने कर्जाचा फास एकदा चांगलाच अनुभवला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांचा संयम सुटला. सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर जमाव चालून गेला. तो कर्जखते मागत होता. ठिकठिकाणी त्या खतांच्या होळ्या झाल्या. इतिहास या घटनेला दख्खनचे दंगे म्हणून ओळखतो. हिंसा कुणाचीच समर्थनीय नाही. पण त्या शेतकऱ्याचे दुःख खरे होते. न वाचता येणाऱ्या कागदावर त्याने अंगठा उमटविला होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. खतावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मुळात दिले किती आणि फेडले किती, हे तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला.

दीडशे वर्षे लोटली. तेव्हा निरक्षर शेतकरी कागदावर अंगठा उमटवीत होता. आज महाविद्यालयीन तरुण काचेवर अंगठा टेकवतो. अनेक पानांच्या इंग्रजी अटींखाली ‘मला मान्य आहे’ असे म्हणताना तोही काहीच वाचत नाही. साक्षरता आली, पण कर्जखत वाचण्याची सवय आली नाही. फरक इतकाच, की त्या शेतकऱ्याने पोटासाठी कर्ज काढले होते.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या गाजलेल्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्यवत ठरविला. म्हणूनच सतरा वर्षांच्या मुलाचा हप्ता कागदावर वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावे असतो, आणि अठरावा वाढदिवस उजाडताच त्याला स्वतःच्या नावे कर्जाची आमंत्रणे येऊ लागतात. अठरा पूर्ण झाले म्हणजे मतदानाचा हक्क येतो आणि करार करण्याची पात्रता येते. जाण त्याच मध्यरात्री येत नाही.

हप्त्याने भाडे भरून शेवटी मालकी मिळविण्याच्या व्यवहारांसाठी संसदेने १९७२ साली भाडे-खरेदीचा स्वतंत्र कायदा संमत केला होता. तो कधीच अंमलात आला नाही आणि पुढे २००५ साली रद्दही झाला. खासगी सावकाराला महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवाना लागतो, त्याचा कमाल व्याजदर सरकार ठरविते. परंतु राज्यांचे सावकारी कायदे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बिगरबँक वित्तीय कंपन्यांना लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत स्पष्ट केले. या कंपन्यांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे, हे खरे. पण अशा कर्जांच्या व्याजाला आकड्यातली कमाल मर्यादा तिने घातलेली नाही. गावच्या सावकाराला कुंपण आहे. वातानुकूलित दुकानातल्या सावकाराला ते नाही.

लंडनला उमगलेली दामदुपट

इंग्लंडमध्ये हप्त्याने भाडे भरून घरगुती वस्तू आपल्या करण्याची दुकाने गल्लोगल्ली होती. गिऱ्हाईक बहुतांशी तुटपुंज्या उत्पन्नाचे. रस्त्यावरच्या दुकानात ३०० पौंडांहून कमी किमतीत मिळणाऱ्या विजेच्या आवश्यक उपकरणांपायी काही कुटुंबांनी १,५०० पौंडांहून अधिक रक्कम मोजल्याचे तेथील वित्तीय नियामकाने २०१८ साली दाखवून दिले. त्यापूर्वी, २०१७ मध्ये, या धंद्यातील ब्राइटहाउस नावाच्या सर्वांत मोठ्या कंपनीला ग्राहकांची ऐपत नीट न तपासल्याबद्दल सुमारे अडीच लाख ग्राहकांना १ कोटी ४८ लाख पौंडांची भरपाई देण्याचे मान्य करावे लागले. अखेर १ एप्रिल २०१९ पासून नियामकाने दंडक घातला, की अशा व्यवहारात उधारीचा एकूण खर्च वस्तूच्या किमतीहून अधिक असता कामा नये. पुढल्या वर्षी, मार्च २०२० मध्ये, ती कंपनी दिवाळखोरीत गेली.

वाचकांनी हा दंडक पुन्हा एकदा वाचावा. उधारीचा खर्च मूळ रकमेहून अधिक नको! ही आपली दामदुपटच नव्हे काय? ज्यांनी मुक्त बाजाराचे तत्त्वज्ञान जगाला शिकविले, त्यांना हे कुंपण पुन्हा घालावे लागले. आपण मात्र ज्या देशात ही कल्पना कित्येक शतके रुजलेली होती, तिथे तिचे नावही विसरत चाललो आहोत. जुने ते सारे सोने, असे आमचे म्हणणे नाही. पण जे शहाणपण आपल्या पेटीत आहे, ते परदेशातून आयात होईपर्यंत वाट का पाहावी?

सारेच कर्ज वाईट नव्हे

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. हप्त्यांची सोय नसती, तर सामान्य माणसाने घर कधी बांधले असते? रिक्षा कशी घेतली असती? आक्षेप रास्त आहे. हप्त्याने शिलाई यंत्र घेऊन मुलांची शिक्षणे करणाऱ्या माउली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ज्या मुलाची कथा वर सांगितली, त्याच्या आईचे यंत्रही एके काळी असेच हप्त्याने आले होते. ते यंत्र कमावत होते आणि आपला हप्ता आपणच भरत होते. मुलाचा फोन मात्र पहिल्या दिवसापासून खात होता, कमावत काहीच नव्हता.

कमावणारे कर्ज आणि खाणारे कर्ज, हा विवेक हाच या प्रश्नाचा गाभा आहे. पंडित दीनदयाळजींनी एकात्म मानवदर्शन मांडताना अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव या दोहोंपासून समाजाला सावध केले. अभावामुळे माणूस लाचार होतो आणि प्रभावामुळे आंधळा. हप्त्यावरच्या चैनीचे वैशिष्ट्य असे, की ती दोन्ही एकाच घरात एकाच वेळी आणते. प्रभावापोटी वस्तू येते आणि वस्तूपायी अभाव.

दोष केवळ मुलांचा?

आजची पिढीच बिघडली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते प्रामाणिक नाही. मुलगा जे पाहतो, तेच शिकतो. दिवाणखान्यातला भव्य दूरचित्रवाणी संच हप्त्यावर, सोफा हप्त्यावर, सहल हप्त्यावर आणि मुंजीचा थाटही कर्जावर, असे असताना ‘अंथरूण पाहून पाय पसर’ हा उपदेश मुलाच्या कानी कसा शिरावा? देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाशी तुलना करता कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत कोरोनाकाळातल्या २०२०-२१ साली सुमारे साडेअकरा टक्के होती. ती २०२२-२३ साली सुमारे पाच टक्क्यांपर्यंत घसरली. याचे एक मोठे कारण कुटुंबांची वाढलेली कर्जे. हे आकडे एकोणीस वर्षांच्या मुलांनी घडविलेले नाहीत. ते आपण घडविले आहेत.

त्या घरात मला सर्वाधिक खटकली ती एक साधी गोष्ट. वडिलांचा पगार किती, हे मुलाला ठाऊकच नव्हते. किराणा, वीज, औषधे, आजीची गोळी यांवर किती जाते आणि महिनाअखेर हाती काय उरते, हे त्याच्यापुढे कधी मांडलेच गेले नव्हते. मुलाला झळ लागू नये, या मायेपोटी आपण त्याच्यापासून हिशेब लपवितो, आणि मग तो आपल्या ऐपतीचे मोजमाप शेजारच्या मुलाच्या फोनवरून करतो. पूर्वी घरातली खर्चाची वही खुंटीला टांगलेली असे. कुणीही ती चाळावी. शाळेत संचयिका होती. चार-आठ आणे जमा करताना मुलाला पैशाचे वजन कळे. वही गेली, संचयिका गेली, आणि पैसा पडद्यावरचा आकडा झाला. ज्याला स्पर्श नाही, त्याचे वजन कसे कळावे?

प्रतिष्ठेच्या कल्पनेचाही विचार व्हावयास हवा. मुलाच्या हातातला फोन पाहून त्याचे स्वागत करणारे आणि साध्या फोनवाल्याला वर्गात हसणारे, ही मुले आपल्याच घरांतली आहेत. तुकोबांनी वडिलांच्या सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. धनकोने ऋणकोला मुक्त करण्याची ही उंची ज्या भूमीने पाहिली, तिथे उधारीच्या झगमगाटाला मान मिळावा, हे आपल्या संस्कारांचे अपयश आहे.

करावे काय?

प्रश्न मांडून थांबणे कार्यकर्त्याला शोभत नाही. पहिले काम घरात. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा जो विषय समाजापुढे आला, त्यात कुटुंब प्रबोधन आहे. आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी एकत्र बसून भोजन आणि संवाद करावा, असे आपण सांगतो. त्या बैठकीत महिन्यातून एकदा घराचा हिशेब मुलांसमोर मांडला जावा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला विजेचे देयक आणि किराण्याची यादी हाताळू द्यावी. त्याला एखादी वस्तू हवी असेल, तर ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘किती महिन्यांत साठवशील?’ असे विचारावे. सहा महिने साठवून घेतलेली वस्तू हप्त्याने घेतलेल्या वस्तूहून स्वस्त तर पडतेच. शिवाय सहा महिन्यांनी ती हवीशी वाटते का, याचाही उलगडा होतो. बहुतेक हौसांचे आयुष्य तेवढेही नसते.

दुसरे काम वस्तीत. महिलांच्या भिशी गटांनी आणि पगारदारांच्या पतसंस्थांनी घराघरांतल्या अडीअडचणी आजवर निभावल्या आहेत. लक्ष्मणराव इनामदारांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या सहकार भारतीशी जोडलेल्या पतसंस्थांनी तरुणांसाठी लहान बचत आणि गरजेपुरते स्वच्छ कर्ज यांची सोय मनावर घ्यावी. ॲपवाल्याच्या दारी जाणाऱ्या मुलाला आधी आपल्या माणसाचे दार दिसले पाहिजे. गणेशोत्सव मंडळांनी एखाद्या संध्याकाळी सरळ व्याज आणि घटते व्याज यांतला फरक फळ्यावर मांडून दाखवावा. तो कार्यक्रम ध्वनिक्षेपकांच्या भिंतीहून अधिक काळ स्मरणात राहील.

तिसरे काम हक्कांची जाण देण्याचे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, ते ग्राहक जागा व्हावा म्हणूनच. आज हाती असलेली साधने थोडी नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी प्रमुख तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सारे शुल्क मिळवून येणारा वार्षिक दर लिहावा लागतो, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. तेव्हा ते मराठीत मागावे. सात दिवसांहून अधिक मुदतीच्या कर्जात विचारासाठी किमान तीन कामकाजाचे दिवस त्या पत्रकाच्या अटी कायम राहतात. ‘आजच सही करा, नाहीतर योजना संपेल’ असे सांगणाऱ्याला हे शांतपणे ऐकवावे. कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधील संपर्कांची यादी वा छायाचित्रे चाळण्याची परवानगी नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असे तिने त्याआधीच्या महिन्यात बजावले. जाच झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार आहे, ग्राहक साहाय्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अडकलेल्या मुलाला घरात हे सांगण्याचे धैर्य वाटले पाहिजे. लाजेपोटी गप्प राहणारी मुलेच दुसऱ्या आणि तिसऱ्या ॲपच्या जाळ्यात जातात. मुलगा चुकला तरी तो आपला आहे. त्याच्यावर ओरडण्याआधी त्याच्याजवळ बसावे.

चौथे काम शासनाचे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या हप्त्यांवर दामदुपटीसारखी सुस्पष्ट मर्यादा असावी. एकवीस वर्षांखालील तरुणाला स्वतःच्या उत्पन्नाच्या पुराव्याविना चैनीच्या वस्तूसाठी कर्ज मिळू नये. आणि विक्रीच्या पाटीवर हप्त्याच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत एकूण रक्कम लिहिली जावी. या मागण्या उद्योगविरोधी नाहीत. कर्जाने पिचलेला तरुण उद्याचा चांगला ग्राहकही होत नाही आणि चांगला उद्योजकही.

त्या मुलाच्या घरी नंतर दोनदा जाणे झाले. वडिलांनी दुचाकी विकली. आलेल्या रकमेतून तिचे कर्ज मिटले, ॲपची देणी फिटली. फोनचे उरलेले हप्ते आईने शिवणकामातून भरले, तेव्हा त्याचे कुलूप उघडले. मुलगा आता सायकलवरून कॉलेजला जातो. पहिले काही दिवस त्याला लाज वाटली, असे तो मोकळेपणाने म्हणाला. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. “काका, त्या मीच सोडवणार,” असे सांगताना त्याने खिशातून एक लहानशी वही काढून दाखविली. त्यात दर आठवड्याला बाजूला टाकलेल्या रकमा तारीखवार लिहिलेल्या होत्या. आकडे लहान होते. पण घरातून हरवलेली हिशेबाची वही पुन्हा परत आली होती, आणि ती मुलाच्या हातात होती. मातृऋण फेडावयास निघालेल्या त्या तरुणाच्या डोक्यावर आता बाजाराचा हप्ता नव्हता.